साडूला येणारे बँकेचे फोन

चहा घ्या आधी. गोष्ट माझीच आहे, त्यामुळे सांगताना मी मध्येमध्ये थांबेन. तेव्हा घाई करायची नाही. आमच्या घरात हा विषय काढायला बंदी आहे, म्हणून तर तुम्हाला धरलंय.

पिंपळवंडीत माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की लोक ती टेम्पोत टाकून माझ्याकडे आणतात आणि मी तिच्यात नवी तांब्याची तार भरतो. तेवीस वर्षं हेच करतोय. धंदा बरा आहे. म्हणजे वाईट नाही. म्हणजे आमच्या साडूंसारखा नाही.

आता साडू हे काय प्रकरण असतं ते तुम्हाला सांगायला नको. बायकोच्या बहिणीचा नवरा. सासुरवाडीत तुमची गाडी, तुमचं घर, तुमच्या अंगातला शर्टसुद्धा त्याच्या शेजारी ठेवून बघितला जातो. वजनकाट्यात एका बाजूला तुम्ही आणि दुसऱ्या बाजूला तो. आणि काटा सासरेबुवांच्या हातात.

माझे साडू दत्तोबा. अवसरी खुर्दला राहतात. तिथं इंजिनिअरिंगचं कॉलेज आहे आणि त्या पोरांसाठी यांची मेस. लग्न झालं तेव्हा चार डबे करायचे, आता दोनशे पोरं दोन वेळा जेवतात. बरं, माणूस स्वभावानं इतका चांगला, की त्याचाही राग येतो. पैशानं मोठा असलेला माणूस निदान खवट तरी असावा, म्हणजे आपल्याला बोलायला काहीतरी उरतं. यांनी तीही सोय ठेवलेली नाही.

त्यांनी चारचाकी घेतली, मी गिळलं. घरावर दुसरा मजला चढवला, तेही गिळलं. मला जे गिळता आलं नाही ते म्हणजे त्यांना येणारा बँकेचा फोन.

पहिल्यांदा तो आला मेहुण्याच्या मुलीच्या साखरपुड्यात. आम्ही दोघं जावई सासऱ्यांच्या दोन बाजूंना जेवायला बसलेलो. दत्तोबांचा फोन वाजला. त्यांनी डाव्या हातानं तो कानाला लावला.

"हां मॅडम, नमस्कार. व्हय, बरोबर. करा पास. काय काळजी करू नका, पास करा."

फोन ठेवला आणि भातात वरण कालवायला लागले.

"कोण व्हतं वो?" सासऱ्यांनी विचारलं. त्यांना आम्ही मामा म्हणतो.

"बँकेतल्या बाई. चेकचं इचारत व्हत्या, पास करू का म्हणून."

मामांनी पंगतीवरून नजर फिरवली. "बघा. बँक ह्यांना इचारल्याबिगर हालत न्हाई." मग नजर माझ्यावर येऊन थांबली. "बबनराव, तुमाला येतो का असा फोन?"

"माझा फोन सायलेंटवर असतो, मामा," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मला बँकेचा फोन तर सोडाच, साधा मेसेज कधी आला नव्हता. लोकांना पाच रुपये जमा झाले तरी टुणकन मेसेज येतो. माझ्या खात्याशी बँकेनं अबोला धरलेला. ते स्कॅन करून पैसे द्यायचं सुद्धा माझ्या फोनवर कधी चाललं नाही. दरवेळी 'नंबर जुळत नाही' असं यायचं. मी म्हटलं, जाऊ दे, आपण चेकवाले. तारेचे, सामानाचे सगळे पैसे मी चेकनंच देत आलो.

पुढं हा फोन मी आणखी चार-पाच वेळा ऐकला. एकदा दवाखान्यात, एकदा लग्नात. एकदा तर माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर, माझा चहा पिताना त्यांनी चेक पास केला. मला तो चहा त्यांच्या हातातून काढून घ्यावासा वाटला. खरं सांगतो, घ्यावासा वाटला.

"त्यांना फोन येतो म्हणून तुमच्या पोटात का दुखतं?" आमची सुरेखा म्हणाली. "जेवायला वाढू का ओवा देऊ?"

"माझ्या पोटात काही दुखत नाही."

"मग दोन भाकरी कमी का खाल्ल्या?"

बायको भाकरी मोजायला लागल्यावर माणसानं काय करायचं? मी बँक गाठली.

आमची बँक आळेफाट्याला. तिथं चेकच्या खिडकीवर एक तरुण मॅडम बसतात. मी आपला सहज आल्यासारखा उभा राहिलो आणि विचारलं, "मॅडम, चेक आला की गिऱ्हाइकाला फोन करता तुम्ही. तो कोणाला करायचा हे कसं ठरवता?"

"शंका आली की करतो, काका," त्या म्हणाल्या. "नेहमीपेक्षा मोठी रक्कम असेल, खाडाखोड असेल, सही आमच्याकडच्या नमुन्याशी जुळत नसेल. न बघता भलत्याच सहीवर पैसे दिले, तर कायद्यानं ते ग्राहकाच्या खात्यातून गेले असं धरता येत नाही. ते आमच्या गळ्यात येतात. म्हणून आधी विचारून घ्यायचं."

"आमचे साडू आहेत अवसरीचे. त्यांना लई फोन येतात. त्यांचं खातं बरंच मोठं असेल नाही?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कोणाच्या खात्याचं काही सांगता येत नाही. खातं इथं आहे की नाही हेसुद्धा नाही. उद्या कोणी तुमच्या खात्याचं विचारायला आलं, तर त्यालाही आम्ही हेच सांगू. बँकेवर ते बंधनच असतं."

"येतं का कोणी माझं विचारायला?" मी जरा आशेनं विचारलं.

"नाही," मॅडम म्हणाल्या.

परत येताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. बँक मोठ्या माणसाला फोन करते हा आपला गैरसमज. बँक शंका आली की फोन करते. म्हणजे मला फोन येत नव्हता, कारण माझ्यावर बँकेला शंकाच येत नव्हती. इतकी वर्षं मी उगाच सरळ वागलो.

आता प्रश्न शंका आणायची कशी एवढाच होता. मोठी रक्कम माझ्याच्यानं होणार नव्हती. खाडाखोड केलेला चेक कोणी हातात घेत नाही. राहिली सही. मी दुकानात बिलबुकाच्या पाठीमागे सराव सुरू केला. माझा 'ब' नेहमी बारीक असतो, त्याला पोट काढलं. शेवटच्या अक्षरातून एक रेघ मागं नेली आणि तिच्यावर दोन टिंबं दिली. बघून कोणालाही वाटावं, माणूस माहितीतला दिसतोय पण खात्री करून घेतलेली बरी. अगदी तेवढंच पाहिजे होतं. बँकेनं फोन करावा, मी चार माणसांत 'करा पास' म्हणावं आणि विषय मिटावा.

चार माणसं मिळायची संधी समोरच होती. मामांना ऐंशी वर्षं पुरी होऊन एक्क्याऐंशीवं चालू होतं आणि आण्याला, म्हणजे सासुरवाडीला, त्यांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं होतं. तीनशे माणसं जेवायला. ठरवायला आम्ही सगळे जमलो तेव्हा दत्तोबा म्हणाले, "जेवणाचं मी बघतो. आचारी माझेच हायेत, भांडी हायेत. कोणाला तोशीस नको."

झालं. म्हणजे त्या दिवशीही सगळ्यांच्या तोंडी दत्तोबांची भाजी आणि दत्तोबांचा भात.

"नाही," मी म्हणालो. "या वेळी जेवण माझ्याकडून. तुम्ही नुसतं येऊन बसायचं."

सुरेखानं माझ्या पायावर पाय दिला. मी पाय काढून घेतला.

"अहो पावणं, खर्च लई हाये," दत्तोबा हळूच म्हणाले.

"असू दे की. चार-पाच लाख तर माझे असेच पडून असतात खात्यात."

दत्तोबांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग म्हणाले, "असतील की." मला वाटलं, वर्मी लागलं.

पैसे कुठून जमवले ते विचारू नका. सुरेखाची भिशी उचलली, दोन-तीन गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन बसलो आणि जेवणापुरते पैसे खात्यात टाकले. जेवणाचं काम आळेफाट्याच्या सुभाषशेठना दिलं. शेठचे आजोबा मारवाडातून आले, पण शेठचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं. मिठाईचं दुकान आहे आणि जेवणाच्या सगळ्या ऑर्डर घेतात.

"स्कॅन करून टाका, बबनराव," शेठ म्हणाले.

"नाही. चेकच देणार. आणि तो कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी दहाला बँकेत टाकायचा. आधी नाही, नंतर नाही."

शेठनी चष्म्यावरून बघितलं. "मुहूर्त काढलाय का चेकचा?"

"तसंच समजा."

"माझं खातं त्याच शाखेत आहे, म्हणजे तासाभरात कळेल. पण एक सांगून ठेवतो. गेल्या लग्नसराईत एकाच्या चेकनं मला चांगलंच पोळलंय. चेक पास झाला की पातेली उतरतील."

"उतरवाल हो," म्हणत मी पोटवाल्या 'ब'ची सही ठोकली.

आलं का लक्षात? तीनशे माणसांचं जेवण आणि सासुरवाडीतली माझी तेवीस वर्षांची अब्रू, दोन्ही मी एका खोट्या सहीवर टांगून ठेवली होती. आणि ती सही खोटी करणारा मीच. चोराला निदान दुसऱ्याची सही करावी लागते.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. आण्याला मंडप घातलेला, मध्ये मामांचा फ्लेक्स. त्यावर खाली दोन्ही जावयांचे फोटो होते. दत्तोबांचा फोटो माझ्यापेक्षा अंगठाभर मोठा होता. मी मोजला नाही, पण दिसतं ना माणसाला.

मी फोन शंभर टक्के चार्ज केला होता. आवाज इतका मोठा ठेवला होता की वाजला तर वाजंत्रीवाले थांबावेत. घरून वाक्यसुद्धा पाठ करून आलो होतो, 'हां मॅडम, करा पास, असले चेक आमचे रोजचेच.' शेवटच्या 'रोजचेच'वर जरा हसायचं, असंही ठरवलं होतं.

सव्वाअकरा झाले. मामांना ओवाळून झालं आणि आम्ही जावई त्यांच्या दोन बाजूंना उभे राहिलो. समोर सगळी भावकी. एवढ्यात फोन वाजला. माझा हात छातीवरच्या खिशाकडे गेला आणि तिथंच राहिला, कारण फोन दत्तोबांचा वाजत होता.

"हां मॅडम," दत्तोबा म्हणाले.

मंडपात कुजबूज झाली. बँक, बँक. मामा कौतुकानं त्यांच्याकडे बघायला लागले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अरे, आज तरी? जेवण माझं, चेक माझा, सही मी तीन आठवडे बसून बिघडवलेली, आणि फोन पुन्हा यांनाच?

"सही येगळी वाटतीया? थांबा हां जरा, मॅडम," दत्तोबा बोलत होते आणि माझ्याकडे बघत होते. "पावणं, ओ पावणं, ह्यो फोन..."

मी हसत पुढं झालो, त्यांच्या हातातून फोन अलगद काढून घेतला आणि मोठ्यानं म्हणालो, "दत्तोबा, आज मामांचा दिवस आहे. बँक आजच्या दिवस बाजूला ठेवा." आणि बटण दाबून फोन पार बंद केला आणि माझ्या पँटच्या खिशात घातला.

"बराबर हाये," मागून एक चुलतसासरे म्हणाले. "फोनचं लई झालंय आताशा."

दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मामांनीसुद्धा. त्या घरात माझ्या बोलण्यावर मान डोलावली गेली असं पहिल्यांदाच घडत होतं.

"अवो पावणं, पर त्यो फोन तुमच्याच..." दत्तोबा पुन्हा म्हणाले.

"नंतर बोलू. फोटो काढतायत."

मग मी माझ्या फोनची वाट बघत बसलो. साडेअकरा झाले, पावणेबारा झाले. बारा वाजायला आले तेव्हा सुभाषशेठचा टेम्पो आला. जिलेबीचा वास मंडपभर पसरला आणि पोरंटोरं आपापली जागा धरायला लागली. शेठ मात्र खाली उतरून थेट माझ्याकडे आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "बबनराव, चेक परत आला."

"परत म्हणजे?"

"सही जुळत नाही म्हणून. कागद दिलाय बँकेनं."

"पण त्यांनी मला फोन करायला पाहिजे होता."

"ते तुमचं आणि बँकेचं. मी टेम्पो उभा करतो. तासभर थांबतो, त्यापुढं मठ्ठ्याची खात्री देत नाही."

आता मला सांगा, अशा वेळी शहाणा माणूस काय करील? दत्तोबांकडे जाईल आणि म्हणेल, बाबा, सांभाळून घे. मी जीव दिला असता पण ते केलं नसतं. मी गाडीला किक मारली आणि घाट उतरून आळेफाट्याला निघालो. वाटेत सगळं भाषण तयार केलं. खात्यात पुरेसे पैसे असताना बँकेनं चेक परत पाठवला तर गिऱ्हाइकाचं नुकसान बँकेनं भरून द्यायचं, असा कायदा आहे, हे मला दुकानात येणाऱ्या एका वकिलांनी सांगितलेलं. आज माझं नुकसान तीनशे माणसांएवढं होतं.

खिडकीच्या मॅडमनी मला आत मोठ्या मॅडमकडे पाठवलं. मी उभ्यानंच सुरुवात केली.

"माझ्या खात्यात पैसे आहेत का नाहीत?"

"आहेत," त्यांनी संगणकात बघून सांगितलं.

"मग कायद्यानं माझा चेक पास करणं तुमच्यावर बंधनकारक आहे का नाही?"

"आहे. पैसे असले पाहिजेत आणि सही तुमची असली पाहिजे." त्यांनी चेकचा फोटो पडद्यावर काढला आणि माझ्याकडे वळवला. "ही सही तुमची आहे?"

पोटवाला 'ब' माझ्याकडे बघत होता. आता हो म्हणावं तर वेगळी का केली, आणि नाही म्हणावं तर केली कोणी?

"आहे माझीच," मी म्हणालो. "जरा मोकळ्या हातानं केली."

"तुमची सही तशी दरवेळीच थोडी वेगळी येते," त्या म्हणाल्या. "हाताला सारखं तारेचं काम, समजतं आम्हाला. म्हणून तर तुमच्या प्रत्येक मोठ्या चेकला आम्ही फोन करतो. पण आजची फारच वेगळी होती. आणि मुद्दाम चुकीची सही करून चेक देणं गुन्ह्यात धरलं जातं, तेवढं लक्षात ठेवा."

मी सगळं सोडून एकाच शब्दावर अडकलो होतो. "प्रत्येक चेकला फोन करता? मला?"

"करतो ना. आजही केला. पहिल्यांदा तुम्ही उचललात, थांबा म्हणालात आणि मध्येच फोन बंद केलात. त्यानंतर दोनदा लावला तर बंद. मग चेक परत पाठवण्यावाचून आमच्यापुढं काय राहतं?"

"मॅडम, माझा फोन सकाळपासून चालू आहे. हा बघा." मी माझा शंभर टक्के चार्ज केलेला फोन टेबलावर ठेवला.

त्यांनी पडद्यावरचा नंबर वाचायला सुरुवात केली. पाच आकडे झाले आणि पुढचे पाच मी मनातल्या मनात म्हणून टाकले, कारण तो नंबर मला पाठ होता. सासुरवाडीत काही ठरवायचं असलं की मीच तो लावत होतो.

पँटच्या खिशातून मी दत्तोबांचा फोन काढला आणि चालू केला. लागोपाठ तो थरथरायला लागला. बँकेचे दोन फोन येऊन गेल्याचं त्यावर उमटलं. मग एक मेसेज आला. लिहिलं होतं की आपला चेक परत गेला आहे, आणि त्याखाली, आपल्या खात्यात शिल्लक इतकी. ती शिल्लक माझी होती, पैशापर्यंत बरोबर.

"म्हणजे फोनवर आजवर तुम्ही नव्हतात?" मोठ्या मॅडमनी विचारलं. त्यांचाही चेहरा पडला. "आम्ही नाव घेऊन विचारायचो आणि समोरून उत्तर यायचं, 'पास करा, माणूस खात्रीचा आहे.' स्वतःबद्दल असं बोलणारा ग्राहक आम्ही दुसरा बघितला नाही. पण म्हटलं, असतो एकेकाचा स्वभाव."

त्यांनी नंबर बदलायचा फॉर्म तिथंच भरून घेतला. जेवणाचे पैसे मी स्लिप भरून रोख काढले. सही त्यांच्यासमोर केली, ती तिसऱ्या खेपेला जुळली.

घाट चढताना गाडीला जोर नव्हता का मला, कोण जाणे. चारचौघांत ज्या फोनसाठी मी जळत होतो तो माझाच होता, हे एक वेळ सोसलं असतं. मला घाम फुटला होता तो मेसेजमुळं. जमा झाले, गेले, उरले, सगळं या माणसाला घरबसल्या कळत होतं. आणि त्याच माणसापुढं मी काय काय बोललो होतो ते एकेक आठवायला लागलं. नवी मशीन रोखीत घेतली म्हणालो होतो. पुण्यात प्लॉट बघतोय म्हणालो होतो. बँक माझ्या खात्याचा शब्द बाहेर फुटू देत नव्हती, आणि ज्या एका माणसापासून मला ते लपवायचं होतं त्याच्याच हातात मी खातं नेऊन ठेवलं होतं.

आण्याला पोचलो तर पंगती बसलेल्या. पातेली उतरलेली. शेठ मला बघून म्हणाले, "दत्तोबांनी शब्द दिला, म्हटलं वाढा." दत्तोबा स्वतः मठ्ठ्याची बादली घेऊन रांगेतून फिरत होते. मी शेठच्या हातात पैसे दिले, दत्तोबांना मंडपामागं नेलं आणि त्यांचा फोन त्यांना दिला.

"बँकेत जाऊन आलो," मी म्हणालो.

"मंग कळलं म्हणायचं."

"तुमचा नंबर माझ्या खात्याला लागलाच कसा?"

"खातं उघडाय आपून दोघं गेल्तो न्हाई का? तुमचा मोबाईल त्या आठवड्यात मोटार सोडताना हिरीत पडला व्हता. फारमवर नंबर पायजे म्हणाले तवा तुमीच म्हणला, तुमचा टाका सध्या."

आठवलं. त्या 'सध्या'ला पंधरा वर्षं झाली होती.

"मग इतक्या वर्षांत सांगितलं का नाही?"

"सांगाय आल्तो की. पर आमी गाडी घेतली त्या साली तुमी तीन म्हैनं माझ्याशी बोलत नव्हता. मंग म्हणलं ऱ्हाऊ द्या, दोन शब्दांचं तर काम हाये. सुरेखाला इचारून ठेवायचो, कोणाला चेक दिलाय ते. आन चार माणसांत तुमचं नाव कसं घ्यायचं? तुमच्या पैशाची चर्चा व्हनार. त्ये बरं न्हाई."

म्हणजे सुरेखालाही माहीत होतं. मी बादलीच्या कडेकडे बघत विचारलं, "मेसेजही सगळे येतात तुम्हाला?"

"येतात की."

"चार-पाच लाख पडून असतात म्हणालो, तेव्हा किती होते?"

"अकरा हजार," दत्तोबा म्हणाले. अगदी हळू म्हणाले, कोणी ऐकू नये म्हणून. "आन आजचं जेवाण वजा जाता सातशे ईस ऱ्हायले असतील."

बरोबर होतं. सातशे वीस.

मी मान खाली घातली. दत्तोबांनी बादली खाली ठेवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"पावणं, राग मानू नका, पर एक सांगू का? मला तुमचा लई हेवा वाटतो."

"माझा?"

"तर काय. माझ्या खात्यात जरा पैसा कमी झाला का मला जेवान जात न्हाई. आन तुमी सातशे ईस रुपयांवर तीनशे माणूस जेवू घालून वर आमच्याकडं असं बघता, की मला माझीच गाडी वापस करावी वाटती. ह्ये मला ह्या जल्मात जमायचं न्हाई."

एवढं बोलून ते बादली उचलून मठ्ठा वाढायला गेले. चेष्टा करत नव्हते हो. तीच तर पंचाईत आहे, त्या माणसाला चेष्टा करताच येत नाही.

दत्तोबांनी माझा हेवा करावा म्हणून मी तेवीस वर्षं झुरलो. आता ते करतात. आणि मी ते सासुरवाडीत कोणालाही सांगू शकत नाही, कारण सांगितलं की लोक विचारणार, कशाचा?